ट्युनिशिया: एकाच तारखेचे दोन रस्ते

२५ जुलै २०१३ला विरोधी नेते मोहम्मद ब्राहमी यांची हत्या झाली. देश पेटायच्या बेतात असताना कामगार संघटना, उद्योजक, वकील आणि मानवाधिकारवाले मध्ये पडले. महिनोन्महिने बैठका चालल्या. शेवटी सत्ताधारी एन्नाहदा पक्षाने खुर्ची सोडली आणि जानेवारी २०१४मध्ये राज्यघटना मंजूर झाली.

२५ जुलै २०२१ला राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी पंतप्रधानांना हटवून संसद गोठवली. सभापती घनूशी रात्रीच संसदेपाशी पोहोचले. फाटक बंद, आत लष्कर. दाद मागणार कुठे? घटनेतले घटनात्मक न्यायालय पक्षांच्या ओढाताणीत सात वर्षांत उभेच राहिले नव्हते. लोक पुढाऱ्यांना विटले होते, जल्लोषही झाला, हे खरे. तरी मला पहिलाच रस्ता पटतो. तो वेळखाऊ होता, पण पायउतार झालेल्या पक्षाला त्याच वर्षी पुन्हा निवडणूक लढवता आली.