सोनेतारण की शैक्षणिक कर्ज? फी भरण्यापूर्वीचा हिशेब

विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी फीची मागणी नेमकी अडचणीच्या वेळी येते. प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये होतात, तेव्हा हातचा पैसा बियाण्या-खतात गेलेला असतो. सोयाबीन दसरा-दिवाळीला निघते आणि कापसाचे चुकारे त्याहूनही उशिरा मिळतात. अशा वेळी बहुतेकांची नजर आधी घरातल्या सोन्याकडे वळते.

सोनेतारणाचा खरा गुण म्हणजे वेग. सकाळी पोत किंवा एकदाणी घेऊन तालुक्याच्या शाखेत गेलेला माणूस सहसा त्याच दिवशी रक्कम घेऊन परततो. मात्र सराफ मणी कसाला लावून, आतील लाखेचे आणि खड्यांचे वजन वजा करून जो आकडा लिहितो, तो पाहून घरी मांडलेला हिशेब अनेकदा कोलमडतो. शिवाय मुद्दल आणि व्याज एकरकमी फेडायचे असे कर्ज बारा महिन्यांचे असते. त्यामुळे चार वर्षांच्या अभियांत्रिकीत दरवर्षीची नवी फी आणि मागचे कर्ज एकाच हंगामाच्या उत्पन्नावर येऊन पडतात, आणि पुढच्या जूनमध्ये पेरणीसाठी गहाण ठेवायला घरात काही उरत नाही. माझ्या मते हीच सर्वांत मोठी जोखीम आहे.

शैक्षणिक कर्जाला वेळ लागतो, कागदपत्रे लागतात, आणि सहकर्जदार असलेल्या वडिलांचे पीक कर्ज थकीत असेल तर शाखेत अडते. पण बँकांच्या संघटनेने आखलेल्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार ४ लाखांपर्यंत तारण द्यावे लागत नाही, स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही, आणि परतफेड शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होऊन १५ वर्षांपर्यंत चालू शकते. नोकरी लागेपर्यंत व्याज नसते, हा समज मात्र चुकीचा आहे. दरवर्षी १ लाख याप्रमाणे चार वर्षांत ४ लाख उचलले आणि दर १० टक्के धरला, तर हप्ता सुरू होईपर्यंत सरळ व्याजच १ लाख ४० हजार होते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असेल, अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, आणि महाविद्यालयाला नॅकचे किंवा अभ्यासक्रमाला एनबीएचे (दर्जा तपासणाऱ्या या राष्ट्रीय संस्था) मानांकन असेल, तर या काळातील व्याज केंद्राच्या अनुदानातून भरले जाऊ शकते. पतसंस्थेच्या कर्जाला हा लाभ नाही. ‘तुमचे गाव आमच्या कार्यक्षेत्रात येत नाही’ एवढ्याच कारणाने अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलेले आहे. अर्ज देताना हे अवश्य सांगावे.

मुलगी शिकणार असेल तर आधी वेगळेच तपासावे. २०२४-२५ पासून राज्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास गटांतील मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मग प्रश्न वसतिगृह आणि मेसपुरता उरतो, आणि तेवढ्यासाठी सोयाबीनच्या पैशावर सुटणारे छोटे सोनेतारण पुरते.

मुलाच्या चार वर्षांच्या शिक्षणासाठी मात्र मी शैक्षणिक कर्जच निवडेन. प्रवेशाची तारीख डोक्यावर असेल तर फीचा पहिला हप्ता सोन्यावर भरावा, पण त्याआधी फीची पावती दाखवल्यास ती रक्कम मंजूर कर्जातून परत मिळेल का, हे शाखेत विचारून घ्यावे.