दहावीचं इंग्रजी: क्लास लावायचा, डायजेस्ट आणायचं की घरीच बसायचं?

मराठी माध्यमाच्या घरात दहावीला गणिताचा क्लास बहुतेक ठरलेला असतो. वाद होतो तो इंग्रजीवरून. नाशिकच्या कॉलेज रोडला वेगळा क्लास लावावा, शालिमारहून डायजेस्ट आणि अपेक्षित प्रश्नसंच आणून भागवावं, की पाठ्यपुस्तक आणि जुन्या कृतिपत्रिका (बोर्डाच्या प्रश्नपत्रिका) घेऊन घरीच सोडवत बसावं? शेजारच्या मुलीने काय केलं होतं हे विचारण्याआधी एक जुनी कृतिपत्रिका उघडा. गुण कुठून येतात ते दिसलं की अर्धा वाद तिथेच मिटतो.

इथे राज्य मंडळाचा तिसऱ्या भाषेचा, म्हणजे मराठी माध्यमाच्या मुलांचा, पेपर धरला आहे. त्याचं पुस्तक ‘माय इंग्लिश कोर्सबुक’. इंग्रजी माध्यमाच्या मुलांचं ‘इंग्लिश कुमारभारती’ वेगळं आणि त्यांचा पेपरही वेगळा. जूनच्या गर्दीत चुकीचं डायजेस्ट सहज घरी येतं, म्हणून पैसे देण्याआधी अनुक्रमणिका पुस्तकाशी ताडून घ्या.

८० गुणांचा हिशेब

लेखी परीक्षा ८० गुणांची आणि वेळ ३ तास. उरलेले २० शाळेकडचे. लेखीत भाषाभ्यास १०, पुस्तकातले दोन उतारे २०, कविता १०, पुस्तकाबाहेरचा उतारा १०, त्याच उताऱ्याचा सारांश ५, लेखनकौशल्य २० आणि भाषांतर ५.

म्हणजे ‘धडे’ म्हणून जे आपण वर्षभर वाचतो, त्यावर ३० गुण. त्यातही पुस्तकातला उतारा पेपरात छापूनच येतो. दहा गुणांच्या उताऱ्यावर दोन-दोन गुणांच्या पाच कृती असतात: सरळ माहितीची एक, थोडं डोकं लावायची एक, शब्दसंपत्तीची एक, व्याकरणाची एक आणि शेवटी तुमचं मत विचारणारी एक. धड्याची उत्तरं घोकून गेलेल्या मुलाला पहिल्या दोन कृतींत थोडा वेग मिळतो, एवढंच. शब्द, व्याकरण आणि मत यांचे सहा गुण धडा पाठ असून मिळत नाहीत.

तेव्हा क्लास असो की डायजेस्ट, कसोटी एकच लावायची: मूल दर आठवड्याला स्वतःच्या शब्दांत किती लिहितं आणि ते कोण तपासतं?

डायजेस्ट आणि अपेक्षित संच

सगळ्यांत स्वस्त पर्याय हाच. त्याला नावं ठेवणाऱ्यांनाही तो सोडवत नाही, आणि काही बाबतींत तो खरोखर चांगला आहे. भाषाभ्यासाच्या १० गुणांसाठी डायजेस्टसारखं साधन नाही. अपुरी अक्षरं भरून शब्द पूर्ण करणं, शब्द वर्णानुक्रमे लावणं, विरामचिन्हं देणं, एका मोठ्या शब्दातल्या अक्षरांतून चार छोटे शब्द काढणं, शब्दांची साखळी, उपसर्ग-प्रत्यय: हे प्रकार ठरलेले आहेत आणि डायजेस्टमध्ये त्यांचे ढीगभर नमुने असतात. कच्च्या मुलानेही इथे ८ च्या खाली येऊ नये. गुण जातात ते सूचना न वाचल्यामुळे. छोटे शब्द किमान तीन अक्षरांचे हवेत असं छापलेलं असतं आणि मुलं ‘इन’, ‘अ‍ॅट’ लिहून मोकळी होतात. साखळी नामांची मागितलेली असते आणि मध्येच एखादं क्रियापद घुसतं.

भाषांतराचंही तसंच. शब्द, वाक्यं आणि एक म्हण किंवा सुविचार, सगळं इंग्रजीतून मराठीत. इथे चूक इंग्रजीपेक्षा मराठीची जास्त. ‘ऑल दॅट ग्लिटर्स इज नॉट गोल्ड’ याचं शब्दाला शब्द भाषांतर करत बसण्यापेक्षा ‘चकाकते ते सारे सोने नसते’ हे तयार असलेलं बरं. रोज दोन म्हणी वहीत उतरवल्या तर महिन्यात साठ होतात.

डायजेस्ट फसतं ते लेखनकौशल्यात. त्यात छापलेलं पत्र सफाईदार असतं, मूल ते पाठ करतं आणि पेपरात विषय वेगळा येतो. समजा गोदाघाटावरच्या कचऱ्याबद्दल महापालिका आयुक्तांना पत्र लिहायचं आहे आणि चार मुद्दे दिलेले आहेत. पाठांतरवाला पहिल्या तीन ओळी ‘आय वुड लाइक टु ड्रॉ युवर काइंड अटेन्शन’ अशा थाटात काढतो, मधे दोन मोडकी वाक्यं कचऱ्यावर आणि पुन्हा शेवट छापील. दिलेल्या चारपैकी दोन मुद्दे गळालेले. तपासणाऱ्याला शिवण लगेच दिसते: वरचं आणि खालचं कापड एक, मधलं ठिगळ दुसरं. साध्या वाक्यांत चारही मुद्दे घेणारं पत्र यापेक्षा जास्त गुण नेतं.

‘अपेक्षित’ संच घ्यायचे तर अपेक्षेसाठी घेऊ नका. वेळ लावून सोडवायचे कागद म्हणून घ्या. उत्तरांची पानं आधी फाडून आईकडे ठेवायला द्या.

क्लास

कॉलेज रोड, गंगापूर रोड, नाशिकरोड, सिडको, कुठेही चौकशी केली तरी इंग्रजी बऱ्याचदा गणित-विज्ञानाच्या पॅकेजला जोडून मिळतं. जोडून मिळतं म्हणजे वेळापत्रकात उरलेल्या जागी बसतं. तिथे धडा वाचून दाखवला जातो, मराठीत अर्थ सांगितला जातो आणि प्रश्नोत्तरं उतरवून घेतली जातात. हे शाळेत झालेलंच असतं. पैसे देऊन तोच धडा पुन्हा ऐकण्यात फार अर्थ नाही.

वेळेचाही हिशेब मांडा. आठवड्यातून तीन दिवस दीड तासाचा क्लास आणि सातपूरहून कॉलेज रोडला जाण्या-येण्याचा रोजचा एक तास धरला, तर आठवड्याला साडेसात तास गेले. तेवढ्यात दोन पूर्ण पेपर लिहून, तपासून, चुका दुरुस्त करून होतात.

तरी क्लास लावावाच अशी मुलं असतात. ज्याला इंग्रजी वाक्य वाचताच येत नाही, ‘डिड’नंतर ‘वेन्ट’ का येत नाही हे ज्याला दहावीतही कळलेलं नाही, त्याला पुस्तकापुढे एकटं बसवून काही होणार नाही. त्याला समोर माणूस लागतो. पण माणूस निवडताना निकालाचे फ्लेक्स पाहू नका. मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याची वही पाहायला मागा. त्यात लाल शाई नुसत्या बरोबरच्या खुणेपुरती आहे, की वाक्याखाली रेघ ओढून बाजूला दुरुस्ती लिहिली आहे? बॅचमध्ये किती मुलं आहेत आणि महिन्याला प्रत्येकाची किती पत्रं-सारांश तपासले जातात, हे विचारा. ‘सगळं करून घेतो’ हे उत्तर नव्हे. आकडा सांगायला हवा. साठ मुलांच्या बॅचमध्ये दर आठवड्याला साठ सारांश तपासणारा शिक्षक विरळाच, आणि तसा मिळाला तर मात्र फीकडे बघू नका.

व्याकरणाची मूळ अडचण समजावून घ्यायलाही चांगला शिक्षक उपयोगी. मराठीत ‘त्याने मला विचारलं की तू कुठे राहतोस’ हे अगदी बरोबर वाक्य आहे. बोलणाऱ्याचे शब्द आपण जसेच्या तसे ठेवतो. तेच मूल इंग्रजीत नेतं आणि लिहितं, ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह.’ एका वाक्यात चार चुका: ‘दॅट’ नको, ‘डू’ नको, ‘यू’चं ‘आय’ व्हायला हवं आणि ‘लिव्ह’चं ‘लिव्ह्ड’. हवं ते ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड.’ नियमांची यादी दहादा लिहून हे जात नाही. आपली मराठी सवय इथे आड येते, हे कुणी दाखवलं की जातं. अ, अ‍ॅन, द गळण्याचं कारणही तेच. मराठीत उपपदं नाहीत, त्यामुळे ती गळलेली कानाला खटकतच नाहीत.

घरचा अभ्यास

पाठ्यपुस्तकाची पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. मागच्या वर्षांच्या कृतिपत्रिका शाळेत मागितल्या तर मिळतात. तेव्हा प्रश्न साहित्याचा नसतो. तो असतो नेमाचा आणि तपासणाऱ्याचा. ज्या मुलाला सोपा इंग्रजी उतारा निम्म्याहून जास्त समजतो, त्याच्यासाठी आमच्या मते हाच मार्ग सरस. अट एवढीच की आठवड्यातून एकदा वही कुणाच्या तरी हातात जायला हवी. शाळेतले बाई-सर हा पहिला पर्याय, आणि तो फुकट असूनही सगळ्यांत कमी वापरला जातो. मधल्या सुट्टीत एक पत्र दाखवलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.

आठवड्याला पाच तास पुरतात. त्यातला एक तास अपरिचित उतारा आणि त्याचा सारांश. सारांशाचे ५ गुण बहुतेक मुलं उताऱ्यातली वाक्यं निवडून, उचलून चिकटवण्यात घालवतात. पद्धत अशी ठेवा: उतारा दोनदा वाचायचा, प्रत्येक परिच्छेदाचा मुद्दा मराठीत चार-पाच शब्दांत समासात लिहायचा, उतारा झाकायचा आणि त्या मराठी मुद्द्यांवरून इंग्रजी वाक्यं करायची. झाकल्यामुळे उचलता येत नाही. उदाहरणं, आकडे आणि माणसांचे शब्द गाळायचे. लांबी मूळ उताऱ्याच्या साधारण एक तृतीयांश. शीर्षक शेवटी सुचतं, म्हणून वर एक ओळ मोकळी सोडायची, आणि मग ते लिहायला विसरायचं नाही. हे विसरणं फार नेहमीचं आहे.

कवितेचं रसग्रहण ५ गुणांचं आणि त्याचे मुद्दे पेपरातच दिलेले असतात: शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार आणि मध्यवर्ती कल्पना. यमक कानाने पाहायचं, स्पेलिंगने नाही. ‘कम’ आणि ‘होम’ यांची शेवटची तीन अक्षरं सारखी, पण आवाज वेगळा. अलंकाराचं नुसतं नाव न लिहिता ती ओळही उतरवायची. मध्यवर्ती कल्पनेला दोन-तीन ओळी पुरतात. तिथे पानभर लिहून पुढच्या सारांशाचा वेळ खाऊ नये.

माहितीचं रूपांतर हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत दुर्लक्षित प्रश्न. तक्ता किंवा आकृती देऊन परिच्छेद मागतात, किंवा उलटं. परिच्छेदावरून वृक्षाकृती काढायचा पर्याय आला तर तो घ्यावा. पूर्ण वाक्यं लागत नाहीत, तेव्हा व्याकरणाच्या चुकांनाही जागा राहत नाही. परिच्छेद लिहायचाच असेल तर सगळे आकडे ओळीने ओतू नका. सर्वांत मोठा, सर्वांत छोटा आणि त्यांतला फरक आधी. स्वतःचं मत इथे नको.

सरावासाठी विषय गावातलेच घ्या. पांडवलेणी पाहायला आलेल्या पाहुण्याशी संवाद, २०२७ च्या सिंहस्थाची स्वयंसेवक म्हणून माहिती देणारं भाषण, लासलगावच्या कांदा बाजारावर परिच्छेद. विषय ओळखीचा असला की मूल ‘काय लिहू’ यात अडकत नाही, फक्त ‘कसं’ याच्याशी झगडतं. घरात इंग्रजी पेपर येत नसेल तर सार्वजनिक वाचनालय आहेच. १८४० पासूनची संस्था, तिचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा.

पूर्ण पेपर घड्याळ लावून डिसेंबरपासून दर पंधरवड्याला एक. १८० मिनिटांची वाटणी साधारण अशी: भाषाभ्यास १५, पुस्तकातले उतारे ४५, कविता २०, अपरिचित उतारा आणि सारांश ३५, लेखन ४५, भाषांतर ८. उरलेली १२ पुन्हा वाचायला. भाषांतर शेवटी असल्यामुळे ते सुटतं, म्हणून काही मुलं त्यानेच सुरुवात करतात. प्रश्नक्रमांक नीट घातला तर त्यात काही गैर नाही.

यूट्यूबबद्दल दोनच वाक्यं. एखादा न कळलेला व्याकरणाचा मुद्दा पाहायला उत्तम, पण व्हिडिओ बघणं आणि लिहिणं यांत तोच फरक आहे जो क्रिकेट बघणं आणि खेळणं यांत. परीक्षेच्या तोंडावरचे ‘हेच येणार’वाले व्हिडिओ तर टाळाच.

मग कुणी काय निवडावं

सहामाहीत इंग्रजीत ८० पैकी ४० च्या खाली गुण असतील आणि वाचनच अडत असेल, तर छोट्या बॅचचा शिक्षक शोधा, आणि तो घराजवळचाच असू द्या. ४० ते ६० च्या मधल्यांनी डायजेस्ट भाषाभ्यास-भाषांतरापुरतं ठेवून बाकी घरी लिहावं. ६० च्या वरच्यांना क्लास बहुधा मागेच खेचतो. जानेवारी उजाडल्यावर कुणीही नवा क्लास लावू नये. पूर्वपरीक्षेतच तो महिना जातो.

मूल सीबीएसईचं असेल तर वरचा बराचसा हिशेब उलटतो. तिथल्या ‘इंग्लिश लँग्वेज अँड लिटरेचर’च्या ८० गुणांत वाचन २०, लेखन आणि व्याकरण मिळून २० आणि साहित्य तब्बल ४०. साहित्यात उताऱ्यांवरचे प्रश्न १० गुणांचे. बाकीच्या ३० साठी समोर काहीच छापलेलं नसतं आणि मोठी उत्तरं सहा-सहा गुणांची असतात. तिथे ‘फर्स्ट फ्लाइट’ आणि ‘फूटप्रिंट्स विदाउट फीट’ ही दोन्ही पुस्तकं आतून-बाहेरून माहीत हवीत. धडा खोलात शिरून शिकवणाऱ्या क्लासला तिथे खरी किंमत आहे. त्यामुळे राज्य मंडळाच्या आणि सीबीएसईच्या मुलांना इंग्रजीसाठी एकाच बॅचमध्ये बसवणारा क्लास दिसला, तर तिथे कोणत्या बाजूचं मूल उपाशी राहणार हे आधी विचारून घ्या.