तीन गोळ्यांना दाद न देणारं बीपी आणि सीपॅप मशीनचे आठ महिने

वय ५३. अंबाजोगाईजवळ माझं कृषी सेवा केंद्र आहे. चार वर्षं बीपीच्या तीन गोळ्या चालू होत्या: टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन आणि लघवीवाटे पाणी काढणारी क्लोरथॅलिडोन. एकही दिवस चुकवल्या नाहीत, तरी सकाळचं बीपी १६०/१०० च्या खाली येईना. आधीच्या दवाखान्यात दर वेळी ‘मीठ कमी करा, टेन्शन घेऊ नका’ एवढंच ऐकलं. झोपेचं कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर आमच्या मंडळींनी तिथंच सांगितलं असतं, की हे घोरता घोरता एकदम गप्प होतात, श्वास थांबतो, मग दचकून हवा ओढतात. ती कित्येक रात्री मला हलवत उशाशी बसून राहिली आहे. आणि मी समजत होतो, घोरतोय म्हणजे झोप गाढ आहे.

लातूरच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, दुपारी बिलं लिहिताना डोळा लागतो का? लागायचा. झोपेची तपासणी झाली. तासाला ४१ वेळा श्वास अडत होता. ३० च्या पुढे गेलं की तीव्र म्हणतात. घसा मिटतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून शरीराला जागं करतो, त्या धक्क्यानं रक्तवाहिन्या आवळतात. झोपेत बीपी दहा-वीस टक्क्यांनी उतरायला हवं. माझं, दंडाला बांधून चोवीस तास बीपी मोजणाऱ्या पट्ट्यावर, रात्रीही तसंच चढलेलं दिसलं.

डॉक्टरांनी सीपॅप मशीन लावायला सांगितलं, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबानं हवा सोडून घसा उघडा ठेवणारं यंत्र. त्याचा पहिला महिना फार त्रासाचा गेला. विक्रेत्यानं माप न घेता नाकाचा मास्क दिला. झोपेत तोंड उघडायचं, हवा निसटायची, घशाला कोरड पडायची. वापर दोन तासांवर जाईना. मास्क काढून फेकायचो आणि सकाळी वाईट वाटायचं. मग नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क बदलून घेतला, गळती थांबावी म्हणून मिशाही बारीक केल्या. दाब हळूहळू वाढवायची सोय मशीनमध्ये असते, तीही कुणी सांगितली नव्हती. दुसऱ्या महिन्यापासून सहा तास होऊ लागले.

आपल्याकडची खरी अडचण लाईटची. रात्री लाईट गेली की मशीन बंद आणि माणूस जागा. मी इन्व्हर्टरवर जोडलंय. लाईट नसताना, हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या भांड्याचा हीटर बंद ठेवायचा, नाहीतर बॅटरी पहाटेपर्यंत पुरत नाही. त्या भांड्यात बोअरचं पाणी चुकूनही घालू नका, आठवड्यात पांढरे क्षार धरतात. डिस्टिल्ड पाणीच वापरा. गावाकडं लग्नाला मशीन नेलं तर पुतण्या घाबरून म्हणाला, “काका, कामून ऑक्सिजन लावलाय?” त्याला बसवून समजावलं, की ही साधी हवाच आहे, फक्त दाबानं घसा उघडा ठेवते.

आता बीपीचं. मशीननं बीपी एकदम उतरेल या आशेनं घेऊ नका. स्पेनमध्ये माझ्यासारख्याच, तीन किंवा जास्त गोळ्या घेणाऱ्या रुग्णांचा २०१३ साली अभ्यास झाला होता. त्यात १२ आठवड्यांत चोवीस तासांचं सरासरी बीपी मशीनमुळं सुमारे ३ अंकांनीच जास्त उतरलं, आणि मास्क जितके तास जास्त, तितका उतार जास्त. माझंही पहिल्या तीन महिन्यांत पाच-सहा अंकच उतरलं. पण दुपारची पेंग आणि सकाळचं डोकं दुखणं गेलं, तेवढ्यावरच मला मशीन पटलं.

मोठा फरक चौथ्या गोळीनं पडला: स्पायरोनोलॅक्टोन, २५ मिलिग्रॅम. अंगात मीठ-पाणी साठवून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाला ती रोखते. दिवसा पायात उतरलेलं पाणी आडवं झालं की मानेकडं सरकतं आणि घसा आणखी आवळतो, म्हणून पाणी कमी झालं तर झोपेलाही मदत होते, असं डॉक्टरांनी सांगितलं. टेल्मिसार्टनसोबत ही गोळी असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. ती तपासणी टाळू नका. मी दोनदा केली. या गोळीनं छाती थोडी हुळहुळते, तेही डॉक्टरांना सांगितलंय.

गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेली दुखण्याची गोळी बंद केली, कारण तीही बीपी चढवते. ताटातलं लोणचं-पापड गेलं. ठेचा सुटला नाही, पण आता मीठ न घालता करतात.

या आठवड्याची सरासरी १३४/८४. रात्रीचं बीपी पाहायला पट्टा पुन्हा लावायचा आहे. धाकटा भाऊही तीन गोळ्यांवर आहे, घोरतो आणि मोटारसायकलवर त्याला झापड येते. गुरुवारी त्याला झोपेच्या तपासणीला नेतोय.