दिंडीच्या भिशीच्या नावाखाली पैसे उकळतात, जपून!

आळंदीहून पहिल्यांदाच पायी वारीला निघणाऱ्यांनी हे जरूर वाचा. माझ्या आईला आणि मावशीला एकाने फसवलंय.

दिंडीत भिशी भरावी लागते, हे आईला ठाऊक होतं. भिशीत दोन वेळची पंगत, सकाळचा चहा, राहुटीत पथारीपुरती जागा आणि वळकटी ट्रकमध्ये टाकायची सोय एवढं येतं. रक्कम दिंडीगणिक वेगळी असते, त्यामुळे त्याने सांगितलेला आकडा कुणालाच खटकला नाही.

माणूस बोलायला गोड. वाक्यागणिक 'माउली'. (वारीत सगळेच एकमेकांना माउली म्हणतात, मग संशय कसा येणार?) पालखीच्या रथामागच्या एका खऱ्या दिंडीचा क्रमांक त्याने सांगितला, दिंडी चालवणाऱ्या प्रमुखांचं म्हणजे चालकांचं नाव सांगितलं, वीणेकऱ्यांचा फोटोही पाठवला. आम्ही चौकशी केली तर सगळं जुळलं. खोटा होता तो फक्त पैसे मागवलेला नंबर! आधी भिशी घेतली, मग 'बायकांच्या वेगळ्या राहुटीचे' घेतले, मग पाण्याच्या टँकरची वर्गणी. शेवटी 'वारकरी पास' काढायला आधार कार्डाचा फोटो मागितला, तेव्हा मी मधे पडलो. पास लागतो तो दिंडीच्या गाड्यांना. पायी चालणाऱ्याला कसला पास? एवढं विचारताच त्याने आईचा नंबर ब्लॉक केला.

आम्ही आळंदीला जाऊन खऱ्या चालकांना भेटलो. त्यांच्याकडे अशी फसलेली आणखी माणसं येऊन गेली होती. पैशाचा विषय चालकांनी आधी काढलाच नाही. गाव कुठलं, गळ्यात माळ आहे का, गावातलं आधी कोण चालतं, गुडघे दिवे घाट चढतील का, गोळ्या कुठल्या चालू आहेत, घरचा फोन नंबर काय, हे सगळं विचारून नाव वहीत लिहिलं आणि मग भिशीची पावती फाडली. त्या भामट्याने यातलं एक अक्षरही विचारलं नव्हतं. अडीचशे किलोमीटरच्या आसपास जी माणसं सांभाळून न्यायची, त्यांची तब्येत न विचारणारा दिंडीवाला असतो का कुठे?

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. मावशीच्या फोनवर त्या नंबरचा डीपी अजून दिसतो. तिथे आता देहूच्या सोहळ्यातल्या दिंडीचा फोटो लावलाय, तेव्हा तुकोबांच्या पालखीसोबत जाणाऱ्यांनी चालकांना प्रत्यक्ष भेटल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.