लाळेची डीएनए तपासणी : आम्हा जुळ्या भावांचे दोन रिपोर्ट

दिवाळीच्या सुट्टीत मुलीने विचारलं, "पप्पा, तुम्हाला झालंय ते मलापण होणार का?" ती बारावीला आहे. मला नऊ वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज येऊन जखमा होतात आणि रक्त पडतं. मी रात्रीतून चार-चारदा उठतो हे ती लहानपणापासून बघत आलीय. तिला द्यायला उत्तर नव्हतं, म्हणून घरबसल्या लाळ देऊन आजारांचा धोका सांगणारी ही तपासणी मागवली. असे रिपोर्ट बऱ्याच कंपन्या विकतात, त्यामुळे नाव लिहीत नाही.

माझं सांगलीत कृषी सेवा केंद्र आहे. नवीन वाण आलं की आधी दोन सऱ्यांत लावून बघायचं, मग एकरभर लावायचं, ही आमच्या धंद्यातली सवय. म्हणून मुलीच्या आधी दोन किट मागवले, एक मला आणि एक भावाला. आम्ही एकसारखे जुळे. तो तासगावकडे गावी द्राक्षबाग बघतो आणि त्याला पोटाची कसलीही तक्रार नाही. किट प्रत्येकी साडेसहा हजारांना पडला.

लाळ द्यायच्या आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. नळीवर रेघ आहे, तिथपर्यंत लाळ हवी आणि वरचा फेस धरायचा नाही. माझं तोंड कोरडं पडलेलं, वीस मिनिटं झाली तरी निम्मी नळी रिकामीच. शेवटी बायकोने चिंचेचा गोळा आणून समोर ठेवला, तेव्हा कुठे रेघ गाठली. टोपण घट्ट पिळलं की त्यातलं द्रावण लाळेत उतरतं, मग नळी हलवून पाकिटात घालायची. ही सगळी व्यवस्था चांगली आहे, सूचना मराठीतही आहेत, कुरिअरवाला सांगितलेल्या वेळी आला. पाच आठवड्यांनी रिपोर्ट मोबाईलवर.

दोघांच्याही रिपोर्टवर हिरव्या पट्टीत लिहिलेलं : 'आतड्याच्या जुनाट सुजेचा धोका सरासरीपेक्षा कमी.'

नऊ वर्षं गोळ्या खाणाऱ्या माणसाला हे वाचताना काय वाटलं ते सांगता येत नाही. दोन्ही रिपोर्ट मी पानापानाने लावून बघितले. एकूण एक गोष्ट सारखी. म्हणजे लॅबने जनुकं बरोबर वाचली होती. चूक त्यावरून काढलेल्या अर्थात होती.

मिरजेतल्या माझ्या पोटाच्या डॉक्टरांनी तो रिपोर्ट शांतपणे वाचला. निम्मं पान एनओडी२ या जनुकावर होतं. त्याचा आतड्याच्या जुनाट सुजेशी संबंध २००१ साली सापडला, पण तो क्रोन्सशी, म्हणजे या सुजेच्या दुसऱ्या प्रकाराशी. मला आहे तो आजार वेगळा. शिवाय त्या जनुकातले जे तीन बदल तपासलेत, ते युरोपातल्या रुग्णांत सापडतात, भारतीय रुग्णांत जवळपास नसतातच. मग 'तिन्ही बदल आढळले नाहीत' या ओळीचा आम्हाला काय उपयोग? बाकीचा आकडा बेरजेचा. २०१२ पर्यंतच या सुजेशी संबंध असलेल्या डीएनएतल्या १६३ जागा सापडल्या होत्या. प्रत्येकीचा परिणाम अगदी थोडा, त्या थोड्याला वजन द्यायचं आणि बेरीज करायची. ती वजनं काढली मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून. माझ्या दुकानातल्या बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती, लॉट नंबर, चाचणीची तारीख छापलेली असते. इथे साडेसहा हजारांच्या रिपोर्टवर कुणावर तपासलं याची एक ओळ नाही. कस्टमर केअरला फोन केला, 'मेल करतो' म्हणाले. तीन आठवडे झाले.

आणि जनुकं धरूनसुद्धा गोष्ट अर्धीच राहते. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला अल्सरेटिव्ह कोलायटिस असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास, क्रोन्समध्ये ३० च्या आसपास. भारतातून ब्रिटनला गेलेल्यांच्या तिथे वाढलेल्या मुलांत हा आजार तिथल्या लोकांइतका किंवा जास्तच दिसतो, जनुकं इथलीच असून. डॉक्टरांनी उंदरांचा एक प्रयोग सांगितला : एटीजी१६एल१ या जनुकात खोट असलेल्या उंदरांची आतडी स्वच्छ पिंजऱ्यात ठीक राहिली, नोरोव्हायरस या विषाणूचा एक विशिष्ट प्रकार लागला तेव्हाच तिथल्या पेशी बिघडल्या. बेणं एकच, जमीन वेगळी. सेलम हळद लावणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला हे समजतं.

पण कंपनीच्या फॉर्ममध्ये नाव, वय, लिंग, वजन, बस्स. मी सिगारेट सोडली आणि वर्षभरात पहिलं रक्त दिसलं. भाऊ अजून ओढतो. त्याच्या पोटावर अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा व्रण आहे, आठवीतला. सिगारेट सोडलेल्यांत हा आजार उमटल्याचं आणि लहानपणी अपेंडिक्स काढलेल्यांत तो कमी असल्याचं अभ्यासांत दिसलंय. (क्रोन्समध्ये सिगारेटने आजार वाढतो. आणि परत ओढायला लागू नका, हृदय आणि फुफ्फुसाचं नुकसान फार मोठं, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं.) लहानपणी किती अँटिबायोटिक खाल्ली, हेही कुणी विचारलं नाही.

एक पान मात्र खरंच कामाचं निघालं : औषधांचं. एनयूडीटी१५ या जनुकाची माझी एक प्रत बदललेली आहे. अशा माणसाला अझाथायोप्रिनचा, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून सूज आटोक्यात ठेवणाऱ्या औषधाचा, नेहमीचा डोस दिला तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक उतरू शकतात. डॉक्टर तेच औषध सुरू करायच्या विचारात होते. त्यांनी रक्तातून तपासणी परत करून घेतली, तोच निकाल आला. आता डोस कमी आहे आणि सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासलं. भावाच्या फाईलवरही ही नोंद लाल पेनाने करून ठेवलीय.

मुलीचा किट घेतला नाही. डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं : वडिलांना असल्याने धोका इतरांपेक्षा जास्त आहे, तरी रुग्णांच्या बहुतेक मुलांना हा आजार होत नाही. रक्त दिसलं किंवा जुलाब आठवडे चालले तर लाजायचं नाही, लगेच सांगायचं, मग शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी करू, आतड्यात सूज आहे का ते त्यातून कळतं. परतीच्या रस्त्यात ती बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "मला आधीच सांगायचं ना असं."

पाचपैकी दोन स्टार, दोन्ही औषधांच्या पानाचे. आजाराच्या धोक्याच्या पानासाठी पैसे घालू नका.