घरपोच सॅम्पल नेणारी लॅब: सुईला पाच तारे, ॲपला एक

डोंबिवली पूर्वेची लॅब आहे. नाव देत नाही, कारण तक्रार त्यांच्या कानावर घातली आहे आणि त्यांनी ती ऐकून घेतली आहे. मला क्रोन्स आहे, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणणारा जुनाट आजार. क्रोन्सवाल्यांना लॅब वरचेवर लागते, त्यामुळे हा अनुभव त्यांच्यासाठीच लिहितेय. वर्षातून एकदा हौसेने 'फुल बॉडी' करणाऱ्यांना यातलं बरंचसं लागू नाही.

आधी चांगलं. मी क्रोन्ससाठी ॲझाथायोप्रिनवर आहे. या गोळीने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, लिव्हरवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त द्यावंच लागतं. माझ्या शिरा आता सुई बघून लपतात. यांच्याकडून येणारा मुलगा घाई करत नाही. हात गरम पाण्यात बुडवायला सांगतो, बारीक बटरफ्लाय सुई वापरतो आणि एकदा टोचून शीर मिळाली नाही तर सरळ म्हणतो, "ताई, दुसरा हात बघू." आधीच्या लॅबचा माणूस त्याच जागी सुई फिरवत बसायचा.

शी तपासायला द्यायची म्हणजे लाज, हे त्यानेच घालवलं. डबीच्या झाकणाला चमचा असतो. सॅम्पलला संडासातलं पाणी लागू द्यायचं नाही, एवढं त्याने दारात उभं राहून, चेहरा अजिबात न हलवता समजावलं. शीतून मोजतात ते कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्यातली सूज दाखवणारं प्रथिन, लगेच खराब होत नाही, त्यामुळे डबी आठच्या आत पोचवायची धावपळ करू नका, हेही त्यानेच सांगितलं. टेस्टचे साधारण अडीच हजार घेतात. स्वस्त नाही, पण दर वेळी कोलोनोस्कोपीचं (दुर्बिणीने आतडं बघण्याच्या तपासणीचं) ते पोट धुणारं पाणी पिण्यापेक्षा हे परवडतं.

आता ॲप.

कॅलप्रोटेक्टिनचा रिपोर्ट आला रात्री अकरानंतर. मागच्या खेपेला 180 होतं, या वेळी 612. पन्नासच्या खाली नॉर्मल, अडीचशेच्या वर म्हणजे आतड्यात सूज चालू, असं ढोबळ गणित मला पाठ आहे. आकडा लाल, शेजारी वर जाणारा लाल बाण, आणि त्याखाली लगेच: 'तज्ज्ञांशी बोला, फक्त 499 रुपये'. त्याच्याही खाली हसणाऱ्या कुटुंबाचा फोटो आणि हेल्थ पॅकेजवर सूट. अरे, निदान बाण तरी छोटा काढा!

मला जास्त लागलं ते यासाठी की पोट शांत होतं. लोकलने ऑफिसला जात होते, दादर येईपर्यंत संडास शोधावा लागत नव्हता, वजनही वाढलं होतं. क्रोन्समध्ये त्रास आणि सूज यांचं एकमेकांशी जमतंच असं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. रात्री अकराला मात्र ते आठवत नाही. आठवतात ते आतड्याचा टीबी समजून टीबीच्या गोळ्या खाल्लेले महिने. सासूबाईंनी निदान सुनावलं, "ताक बंद केलंस ना, म्हणून." नवऱ्याने मोबाइल काढून घेतला.

सकाळी लॅबला फोन केला. रिसेप्शनच्या मुलीने टाळाटाळ न करता पॅथॉलॉजिस्ट बाईंना जोडून दिलं, आणि ही सेवा मला त्या सबंध ॲपपेक्षा मोलाची वाटली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गुडघेदुखी, डोकेदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक असं काही घेतलंत का?" या गोळ्यांनीही कॅलप्रोटेक्टिन वाढतं. मी घेतली नव्हती. मग जुलाब, ताप, बाहेरचं खाणं विचारलं. तेही नव्हतं. "मग आकडा खरा धरा," म्हणाल्या. "घाबरू नका" म्हणाल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. जुना रिपोर्ट कुठल्या लॅबचा ते विचारलं, कारण किट बदललं की आकडे थेट ताडून बघता येत नाहीत. माझे दोन्ही यांचेच होते. सीआरपीचंही (रक्तातून सूज कळते ती टेस्ट) त्यांनीच उलगडून सांगितलं: जुन्या लॅबचे रिपोर्ट मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, यांचे प्रति लिटरमध्ये. तिकडचं 1.2 म्हणजे इकडचं 12. मी उगाच दसपट वाढ समजून बसले असते. औषध स्वतःच्या मनाने बदलायचं नाही, रिपोर्ट घेऊन गॅस्ट्रोकडे, म्हणजे पोटाच्या डॉक्टरांकडे जायचं, एवढं बजावून फोन ठेवला.

गॅस्ट्रोंनी कोलोनोस्कोपी लिहून दिली आहे. कदाचित गोळीवरून इंजेक्शनवर जावं लागेल. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही, मग कॅलेंडरवर तारीख लिहिली आणि लोणच्याच्या कैऱ्या आणायला गेले.

लॅबला दोन गोष्टी सांगितल्या. एक, माझे रिपोर्ट सकाळी नऊनंतर पाठवा. त्यांनी माझ्या नावापुढे तशी नोंद केली, तुम्हीही मागून घ्या. दोन, लाल आकड्याखाली जाहिरात नको. त्यावर "वर कळवतो" एवढंच उत्तर मिळालं. मी तोवर ॲपचे नोटिफिकेशन बंद केलेत आणि पीडीएफ नवऱ्याच्या मेलवर मागवते.

एकूण साडेतीन तारे. पॅथॉलॉजिस्ट बाई दुपारी दोनपर्यंतच असतात आणि त्यांच्याशी बोलायची सोय ॲपवर दिसत नाही, रिसेप्शनला फोन करूनच मागावी लागते. त्याचे पैसे पडत नाहीत.