सायबर क्राइम पोर्टलवरील निनावी तक्रार: झेरॉक्सच्या दुकानातून पाहिलेली सेवा

सोलापुरात साखर पेठेत माझे झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचे दुकान आहे. दाखले, शिष्यवृत्त्या, रेशनकार्ड यांचे अर्ज भरता भरता सरकारी संकेतस्थळांना नावे ठेवण्याची सवय जडली आहे. परंतु केंद्रीय गृह मंत्रालयाच्या राष्ट्रीय सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवरील निनावी तक्रारीच्या सोयीविषयी चार शब्द बरे लिहावेत, असे गेल्या महिन्यातील एका कामामुळे वाटले.

कारखान्यात विड्या देऊन परतणाऱ्या एक मावशी दुकानात आल्या आणि त्यांनी मोबाइल काचेवर पालथा ठेवला. त्यांच्या वस्तीच्या ग्रुपवर एका लहान मुलीवरील अत्याचाराची क्लिप आली होती आणि खाली ‘या नराधमाला पकडेपर्यंत पुढे पाठवत राहा’ असे लिहिले होते. पाठवणारे गृहस्थ वस्तीत मान असलेले. ‘‘अण्णा, तक्रार करा, पण माझं नाव कुठं येऊ देऊ नका,’’ एवढेच मावशींचे म्हणणे होते.

महिला व बालकांविषयीच्या गुन्ह्यांच्या विभागात दोन वाटा आहेत. एकीत नाव आणि मोबाइल क्रमांक देऊन ओटीपीने आत जायचे व पुढे तक्रारीचा माग घ्यायचा. दुसरीत ओळख न देता तक्रार नोंदवायची. आम्ही दुसरी निवडली. मजकूर कोणत्या ॲपवर दिसला, तारीख, वेळ, राज्य, पाठवणाऱ्याचा क्रमांक आणि किमान २०० अक्षरांत घडलेली हकिकत एवढे द्यावे लागले. मावशींचे नाव, क्रमांक किंवा पत्ता यांतले काहीच मागितले गेले नाही. वीसेक मिनिटांत काम झाले, अर्थात मावशींना एकटीने हा अर्ज जमला असता असे मी म्हणणार नाही.

खरा वेळ गेला तो दुसऱ्याच गोष्टीत. ‘पुरावा म्हणून’ क्लिप आधी माझ्या संगणकावर घ्यावी, असा मावशींचा आग्रह होता, आणि असा आग्रह जवळजवळ प्रत्येक जण धरतो. मी मोबाइलला केबलही लावू दिली नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब प्रमाणे असा मजकूर डाउनलोड करणे हाच गुन्हा आहे. पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचे कलम १५ तो जवळ बाळगण्याविषयी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात या कलमाचा अर्थ अधिक कडकपणे लावला. ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दच टाळून ‘बालकांच्या लैंगिक शोषणाचे साहित्य’ म्हणावे, असेही त्याच निकालात सुचवले. तेव्हा ग्रुपचे नाव, पाठवणाऱ्याचा क्रमांक आणि वेळ कागदावर उतरवून घेतली, तक्रार नोंदवली, क्लिप पुसायला लावली आणि फोटो-व्हिडिओ आपोआप उतरण्याची सेटिंग बंद करून दिली.

पाठवणाऱ्या गृहस्थांचा हेतू कदाचित चांगलाही असेल. पण गुन्हेगाराला पकडण्याच्या नावाखाली त्या मुलीची तीच क्लिप शंभर घरांत पोहोचते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. हे पोर्टल उभे राहिले तेही अशाच क्लिपांमुळे. हैदराबादच्या ‘प्रज्वला’ संस्थेने २०१५ मध्ये व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बलात्काराच्या क्लिपांविषयी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, सर्वोच्च न्यायालयाने ते स्वतःहून दाखल करून घेतले, आणि पुढे सप्टेंबर २०१८ मध्ये आधी केवळ अशा मजकुरासाठी पोर्टल सुरू झाले. आर्थिक फसवणुकीसह बाकीचे सायबर गुन्हे ऑगस्ट २०१९ मध्ये त्यात आले. आज मात्र लोकांच्या तोंडी १९३० हा क्रमांकच आहे आणि तो पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. एखादे मूल प्रत्यक्ष संकटात असेल तर १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीवर किंवा ११२ या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करावा, पोर्टलवर अर्ज भरत बसू नये.

निनावी वाटेची किंमतही आहे. आठ दिवसांनी मावशी पुन्हा आल्या, रेशनकार्डाची झेरॉक्स काढून घेतली आणि हळूच म्हणाल्या, ‘‘त्याचं काय कळलं का?’’ माझ्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हते, कारण या वाटेने गेलेल्या तक्रारीचा माग तक्रारदाराला घेता येत नाही. नाव गुप्त हवे आणि निकालही कळावा, या दोन्ही गोष्टी येथे एकत्र मिळत नाहीत. तक्रारदार मुलीला ओळखत असेल तर मी निनावी वाट सुचवतच नाही. अशा वेळी पोलिसांना कळवणे हे पॉक्सोच्या कलम १९ ने बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि सद्‌हेतूने माहिती देणाऱ्याला संरक्षणही त्याच कलम १९ मध्ये आहे.

मी या सोयीला पाचपैकी चार गुण देईन. एक गुण कापला आहे तो मावशींच्या त्या प्रश्नासाठी. या अर्जाचे दुकानात पैसे घेत नाही. येताना क्लिप नको, क्रमांक आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी आणावी.